पझलच्या जुन्या तुकड्यांची मिक्स्ड मीडिया सजावट: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरचा डबा उतरवला की ५०० तुकड्यांतले ४९६ सापडतात आणि उरलेल्या चारांमुळे ते पझल पुन्हा कुणी लावत नाही. पण रंग, कागद, कापड, मणी, रेझिन (ओतल्यावर काचेसारखं टणक होणारं द्रव) असं सगळं एकत्र वापरून काही करायचं असेल तर हा डबा कामाचा आहे. खाली तुकड्याच्या बाहेर आलेल्या गोल भागाला ‘कान’, आत गेलेल्या भागाला ‘खाच’ आणि कान जिथे अंगाला जोडलेला असतो त्या अरुंद जागेला ‘मान’ म्हटलं आहे. या मानेचा उल्लेख पुढे बऱ्याचदा येईल, कारण बिघाडाची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

कोणते तुकडे घ्यावेत?

साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे, दाट करड्या पुठ्ठ्याचे. ५०० किंवा १००० तुकड्यांच्या नेहमीच्या पझलमध्ये एक तुकडा जेमतेम दोन सेंटिमीटरचा, म्हणजे साडेतीन चौरस सेंटिमीटरचा असतो. त्यावर नक्षीकाम करायला हात बारीक लागतो. लॉकेट, राखी किंवा चुंबक करायचं असेल तर लहान मुलांच्या २४ ते ६० तुकड्यांच्या पझलमधले चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे सोयीचे. बारीक तुकड्यांचा उपयोग फ्रेम, गोल तोरण अशा ढिगाने लागणाऱ्या कामांत होतो.

घ्यायच्या आधी तुकडा कडेने पाहा. थर सुटे दिसत असतील किंवा कान दोन बोटांत धरून हलवल्यावर लवत असेल तर तो वरच्या थरात वापरू नका. फोमचे तुकडे इथल्या बहुतेक कृतींना चालत नाहीत. फोम दबतो आणि वरचा कडक रंग तडकतो. लाकडी आणि एमडीएफचे तुकडे उत्तम.

जुनं लाकडी पझल आहे. रंगवू का?

थांबा. हाताने कापलेलं, प्लायवूडचं, जुन्या पेटीतलं पझल असेल तर ते जसं आहे तसंच ठेवा. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी यांनी नकाशे लाकडावर चिकटवून कापून विकले, तिथून या खेळाचा लिखित इतिहास सुरू होतो. साच्याने कापलेली स्वस्त पुठ्ठ्याची पझल्स घरोघरी पोचली ती १९३० च्या दशकात. रद्दीत येतात ती या दुसऱ्या वाणाची, आणि त्यांवर खुशाल हात चालवावा.

डब्याला कुबट वास येतो. तुकडे धुऊ का?

धुऊ नका. पुठ्ठा पाणी प्यायला की फुगतो आणि फुगलेला पुठ्ठा पूर्वीच्या जाडीवर परत येत नाही. तुकडे जाळीच्या पिशवीत भरा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. बाजूला वाटीत चार चमचे खाण्याचा सोडा ठेवून झाकण दोन-तीन दिवस बंद राहू द्या. नंतर तासभर कोवळं ऊन दाखवा. दुपारच्या कडक उन्हात एक बाजू आधी सुकते आणि तुकडे कौलासारखे वाकतात. काळे ठिपके पडलेले तुकडे टाकून द्या. वरून रंग दिला म्हणून बुरशी मरत नाही, महिन्याभरात रंगातून डोकं वर काढते.

ॲक्रिलिक रंग दिला, पण नखाने सोलून निघतो. रंग वाईट आहे का?

बहुधा रंगाचा दोष नसतो. चित्राच्या बाजूवर छपाईचा गुळगुळीत कागद आणि त्यावर चकाकीचा लेप असतो. त्या लेपाला पाण्यातला रंग धरत नाही, नुसता वर बसतो. उपाय असा:

२२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट टेबलावर ठेवा आणि तुकडा चित्राची बाजू खाली करून त्यावर सात-आठ वेळा गोल फिरवा. पेपर हातात धरून तुकड्यावर घासला तर कडा जास्त झिजतात आणि मधे चकाकी तशीच राहते. तुकडा तिरका धरून उजेडात बघा. कुठेही चमक दिसली नाही की पुरे. पांढरा पुठ्ठा दिसेपर्यंत घासायची गरज नाही. धूळ कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसू नका.

मग जेसोचे (रंगाला पकड देणाऱ्या पांढऱ्या अस्तराचे) दोन पातळ हात द्या, दोन्हींमध्ये अर्धा तास, पावसाळ्यात तासभर. एकच जाड हात दिला की तो खाचेत साचतो आणि सुकताना तिथे भेग पडते.

तुकडे नंतर पुन्हा एकमेकांत बसवायचे असतील तर कडांना जेसो लावू नका. दोन हातांच्या लेपाने कान एवढा जाड होतो की खाचेत शिरतच नाही.

जेसो महाग पडतो. घरी करता येईल?

येतो. दोन चमचे बारीक वस्त्रगाळ खडूची पावडर, एक चमचा फेविकॉल एमआर, एक चमचा पांढरा ॲक्रिलिक रंग, आणि ताकाइतकं पातळ होईल एवढंच पाणी. पावडर आधी पाण्यात कालवा, फेविकॉल शेवटी घाला, नाहीतर गुठळ्या होतात. एवढ्यात चार सेंटिमीटरचे तीस-चाळीस तुकडे सहज होतात. खडूऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस सुचवलं जातं, पण ते पाणी लागताच घट्ट व्हायला लागतं आणि वाटीतलं निम्मं मिश्रण ब्रशसकट फुकट जातं. विकतच्या जेसोइतकी पकड घरच्याला नसते. रेझिन ओतायचं असेल तर विकतचाच घ्या.

रंग सुकल्यावर तुकडे वाकले. आता?

एका बाजूने ओल दिली की त्या बाजूचे तंतू फुगतात आणि सुकताना दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त आकसतात. म्हणून जे पुढे लावाल ते मागेही लावायचं, मागे रंग नको असेल तर निदान पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात.

वाकलेला तुकडा सरळ करायला पाठीवर ओलसर ब्रश एकदाच फिरवा, दोन बटर पेपरच्या मधे ठेवा आणि वर जाडजूड पुस्तकांची चळत रात्रभर राहू द्या. वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते. ॲक्रिलिक ओलं असेल तर कागदही कायमचा चिकटतो.

कडा भुसभुशीत दिसतात.

जुन्या पझलमध्ये कडेचा करडा पुठ्ठा पिंजलेला असतो आणि पुढचं काम कितीही सुबक असलं तरी ही कड सगळं उघडं पाडते. नखांच्या कागदी कानशीने कड एकाच दिशेने घासा. मग एक भाग पाणी, तीन भाग फेविकॉल असं मिश्रण बोटाच्या टोकावर घेऊन कडेवरून फिरवा. ब्रशपेक्षा बोट बरं, कारण पिंजलेले तंतू दाबून बसवायला दाब लागतो. वीस मिनिटांनी तेच पुन्हा. सुकल्यावर कड नखाला टणक लागते. त्यानंतर सोनेरी रंग किंवा मार्कर फिरवला तरी शाई आत शोषून पसरत नाही. मान सुटली असेल तर याच वेळी टूथपिकने थरांमध्ये फेविकॉल सारा आणि कपड्यांच्या चिमट्यात वीस मिनिटं धरा.

कागद चिकटवताना सुरकुत्या पडतात. नॅपकिन तर फाटतोच.

छापील नॅपकिनला दोन किंवा तीन पदर असतात. वरचा चित्राचा पदर तेवढा हवा, बाकीचे सोडवून घ्या. हा पदर ओल्या गोंदावर ठेवला की फाटणारच. त्यामुळे गोंद आधी सुकवायचा.

तुकड्यावर पांढरा जेसो, त्यावर फेविकॉलचा एकसारखा हात, आणि तो पारदर्शक होईपर्यंत वाळू द्यायचा. मग नॅपकिनचा पदर कोरडाच वर ठेवा, त्यावर बटर पेपर, आणि सिल्कच्या तापमानावर इस्त्री आठ-दहा सेकंद दाबून धरा. सरकवू नका. उष्णतेने फेविकॉल मऊ होतो आणि कागद धरून ठेवतो, ओल नसल्यामुळे एकही सुरकुती पडत नाही. रेझिन किंवा फोम असलेल्या तुकड्यावर हे करू नका.

बाहेर आलेला कागद कात्रीने कापायच्या भानगडीत पडू नका, मानेशी कात्री वळतच नाही. कानस ४५ अंशांत धरून वरून खाली ओढा. चार-पाच ओढींत कागद कडेवर बरोबर तुटून पडतो. खाचेत कानस शिरत नसेल तर पेन्सिलीभोवती पॉलिश पेपर गुंडाळा. वरून-खालीच ओढायचं. खालून वर गेलात की कागद उचकटतो.

मासिकाची पानं चालतात. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई गोंदात विरघळून पसरते, त्याऐवजी झेरॉक्सच्या दुकानातून लेझर प्रिंट काढा. लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती सुंदर दिसतो, पण कार्ड जाड असतं. कोपऱ्याशी नख घालून मागचे थर सोलून काढा आणि वरचा पापुद्राच लावा.

एकच गोंद सगळीकडे चालेल का?

नाही. कागद, सुतळी, बारीक मणी यांना फेविकॉल. तो पाण्याला टिकत नाही, म्हणून वरून वॉर्निश हवंच. फेविक्विकचा मोह होतो, पण पुठ्ठा तो शोषून घेतो आणि भोवती पांढरट धूर धरल्यासारखा डाग उमटतो. सुती दोऱ्यावर किंवा कापसावर पडला तर चटका बसण्याइतका तापतो. धातूच्या कडीवर एखादा थेंब, एवढाच त्याचा उपयोग. ग्लू गनचा गोंद उन्हात ठेवलेल्या गाडीत मऊ पडतो. धातू आणि चुंबकासाठी दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद खात्रीचा.

घरची खळ वापरू नका. तिला कसर आणि झुरळं लागतात. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत ते याचसाठी. पण मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूत त्याला जागा नाही.

साडीची किनार, टिकल्या, आरसे कसे लावावेत?

रेशमी किनारीतून ओला फेविकॉल वर येतो आणि गडद डाग राहतो. गोंद कापडाला नाही, तुकड्याला लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, बोटाला तार सुटायला लागली की कापड ठेवून दाबा. किनारीच्या कापल्या टोकांवर आधीच गोंदाची रेघ मारून वाळवली तर जरीचे धागे सुटत नाहीत.

टिकलीच्या मागचा गोंद काही महिन्यांत सुकतो, तो पुसून काढा आणि आपला लावा. आरसे तीन-चार मिलिमीटरचेच घ्या. जड आरसा कानावर लावला की मान त्याला पेलत नाही, तो तुकड्याच्या पोटावर बसवावा.

क्रम लक्षात ठेवा: आधी सपाट रंग, मग कागद, मग कापड, त्यावर वॉर्निश, आणि मणी-आरसे शेवटी. वॉर्निश आरशांवरून गेलं की ते मिचमिचे दिसतात.

वारली चित्र एवढ्याशा तुकड्यावर बसेल?

दोन सेंटिमीटरवर एकच माणूस बसतो: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर ठिपक्याचं डोकं, चार रेघांचे हातपाय. परंपरेत हे काम गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने होतं. पुठ्ठ्यावर तांदळाचं पीठ सुकल्यावर झडतं, म्हणून पांढरा ॲक्रिलिक घ्या, दुधाच्या सायीइतका दाट. जमिनीसाठी, म्हणजे चित्रामागच्या रंगासाठी, बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी रंगात) चिमूटभर लाल. शून्य नंबरचा ब्रश नसेल तर टूथपिकचं टोक किंचित चावून चपटं करा, रेघ जास्त जिवंत येते.

तारप्याचा फेर (तारपा वाद्यावरचा गोल नाच) घालायचा असेल तर बारा-पंधरा तुकडे जोडलेले ठेवून त्यावर एकच चित्र काढा. मात्र जमिनीचा रंग ओला असतानाच तुकडे एक-दोन मिलिमीटर विलग करा. रंग सांध्यात सुकला की सोडवताना कडेचे टवके जातात.

भोक पाडताना पुठ्ठा फाटतो.

भोक मानेत कधीच पाडू नका. कानाच्या मधोमध किंवा अंगाच्या कोपऱ्यात, कडेपासून किमान तीन मिलिमीटर आत. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, खाली जुनी रबरी चप्पल ठेवा आणि दाभण फिरवत फिरवत घाला, ठोकू नका. दीड मिलिमीटरचा हातड्रिल असेल तर उत्तम. भोकाच्या आतल्या भिंतीला टूथपिकने फेविकॉल लावून वाळवा. सहा ते आठ मिलिमीटरची कडी घालताना तिची तोंडं ओढून फाकवायची नाहीत, एक पुढे आणि एक मागे अशी पिळायची. फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही आणि तुकडा त्या फटीतून निसटतो.

राखी कशी करावी?

चार सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही बाजूंना जेसो आणि रंग. मागे तीन सेंटिमीटरची फेल्टची गोल चकती. ४० ते ४५ सेंटिमीटर रेशमी दोरा तुकडा आणि चकती यांच्या मधोमध आडवा ठेवून फेविकॉलने दाबा, चिमट्यात दोन तास. दोरा नुसता चिकटवून ठेवला आणि चकती नाही लावली, तर बांधताना ताण येताच सुटतो. समोरची सजावट हलकी ठेवा, नाहीतर राखी मनगटावर उलटी फिरते. बहीण-भावासाठी एकमेकांत बसणारे दोन तुकडे घेण्याची कल्पना लोकांना आवडते. ते करताना दोन्हींच्या कडा कोऱ्याच राहू द्या.

रेझिनखाली बुडबुडे येतात आणि वर चिकट राहतं.

दोन वेगळ्या तक्रारी आहेत. बुडबुडे पुठ्ठ्यातल्या हवेचे. ती हवा रेझिन गरम होताना बाहेर येते. आधी सगळ्या बाजूंना वॉर्निशचे दोन हात देऊन तुकडा पूर्ण बंद करा, कडा आणि भोकही.

चिकटपणा मापाचा किंवा हवेचा. डब्यावर रेझिन आणि हार्डनर या दोन भागांचं प्रमाण १:१ किंवा २:१ असं लिहिलेलं असतं आणि ते वजनाने की घनफळाने हेही लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय सुरुवात करू नका. दोन सेंटिमीटरच्या तुकड्यावर दोन मिलिमीटर थराला पाऊण मिलिलिटरच्या आत रेझिन लागतं, म्हणजे २० तुकड्यांना १५ मिलिलिटर. फार थोडं कालवायला गेलात तर मापातली एका थेंबाची चूकही मोठी ठरते. १५ पेक्षा कमी कालवू नका, तुकडे जमवून एकदम करा. तीन मिनिटं सावकाश ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा मिनिटभर.

तुकडा बाटलीच्या झाकणावर उचलून ठेवा, म्हणजे ओघळ टेबलाला चिकटणार नाहीत. २४ तास झाकून ठेवा, वापर ७२ तासांनंतर. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीत हे काम टाळलेलं बरं. दमट हवेत वर मेणचट, दुधाळ साय धरते. करायचंच तर खोलीत एसी किंवा डीह्युमिडिफायर हवा.

हातमोजे, उघडी खिडकी आणि मुलं दुसऱ्या खोलीत. सजावटीच्या रेझिनवर गरम चहाचा कप ठेवला की गोल वण उठतो, म्हणून कपाखालच्या चकत्या फक्त सरबतासाठी.

दारावर लावायला गोल तोरण करायचं आहे. किती तुकडे लागतील?

बाहेरून २५ आणि आतून १५ सेंटिमीटर व्यासाचं पुठ्ठ्याचं कडं घेतलं तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे एका सपाट थराला ९० तुकडे. खरी शोभा एकावर एक चढवलेल्या तीन थरांत आहे, त्याला २५० धरा. वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास जातं, सुतळी पेलते. खालचा थर सपाट, दुसरा सांधे झाकत, तिसरा तिरका. लंगडे, मान सुटलेले तुकडे खालच्या थरात खपवा. पणतीजवळ लावू नका. पुठ्ठा, गोंद आणि रंग, तिन्ही पेट घेणारे.

फ्रिजसाठी चुंबक कोणतं?

१२ मिलिमीटरची काळी फेराइट चकती, इपॉक्सीने. बटणाएवढी चकचकीत निओडिमियम चुंबकं लहान मुलं असलेल्या घरात नकोतच. दोन गिळली गेली तर ती आतड्याच्या पडद्यांतून एकमेकांना ओढतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती सुटे तुकडेही देऊ नयेत.

ऑटिझम जागृती दिनासाठी पझलच्या तुकड्याचे बॅज करतोय. ठीक आहे ना?

करण्याआधी ज्यांच्यासाठी करताय त्यांना विचारा. पझलचा तुकडा हे चिन्ह १९६३ मध्ये ब्रिटनमधल्या पालकांच्या संस्थेने स्वीकारलं. पुढे ते जगभर पसरलं, पण आज अनेक स्वमग्न व्यक्तींना ते खटकतं, कारण त्यातून ‘काहीतरी कमी आहे’ असा अर्थ निघतो. त्यांच्यातले बरेच जण इंद्रधनुषी रंगातलं अनंताचं चिन्ह (∞) पसंत करतात. २ एप्रिलचा कार्यक्रम असेल तर तेच चिन्ह रंगवलेलं बरं.

सगळं पझल आहे, फक्त एक तुकडा हरवलाय. तोच बनवता येईल?

येतो. पझल लावून रिकाम्या जागेत स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म अंथरा, बोटाने कडेपर्यंत बसवा. एम-सीलचे दोन भाग सारखे घेऊन एकच रंग होईपर्यंत मळा, भोकात दाबा, वरून ओल्या बोटाने सपाट करा. पूर्ण टणक झाल्यावर फिल्मसकट उचला, कड घासा, जेसो द्या आणि भोवतीचं चित्र पाहून रंगवा. किंवा रंग जुळवायच्या फंदात न पडता तो एकच तुकडा सोनेरी करा आणि पझल फ्रेममध्ये घाला.

दोन वेगळी पझल्स एकमेकांत बसतात म्हणे?

कधी कधी. एकच कंपनी तेवढ्याच तुकड्यांच्या अनेक पझल्सना एकच साचा वापरते. तसं असेल तर एकातला कोपऱ्याचा तुकडा दुसऱ्याच्या त्याच जागी नेमका बसतो. कोपरे तपासून पाहा, जुळले तर किल्ल्याच्या चित्रात मधेच मांजराचे डोळे बसवता येतात.

विकायला ठेवले तर चालतील?

कार्टूनमधली पात्रं दिसत असतील तर ती पूर्ण झाकल्याशिवाय नको, त्यांचे हक्क दुसऱ्याचे असतात. पॅकिंग करताना वॉर्निशचे दोन तुकडे समोरासमोर ठेवू नका. वरून सुकलेलं वॉर्निशही उकाड्यात एकमेकांना धरतं आणि ओढून काढताना चित्राचा पापुद्रा निघतो. मधे बटर पेपर घाला, शेवटच्या हातानंतर किमान आठवडाभर जाऊ द्या, आणि पावसाळ्यात पार्सल पाठवत असाल तर आत सिलिका जेलची पुडी टाका.